दुसऱ्या दिवसाचा पाठ

करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी एक सराव पाठ पाहिला. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका विज्ञान शिकवत होती. घटक होता बाष्पीभवन. टाचण नेटके लिहिलेले, फळ्यावर तारीख, विषय आणि घटक सुबक अक्षरांत, हातात मिठागराचा मोठा रंगीत तक्ता. समुद्राचे पाणी वाफ्यात साठते, उन्हाने त्याची वाफ होते आणि खाली मीठ उरते, असे ती समजावत होती. तेवढ्यात खिडकीजवळच्या पोराने हात वर केला. "बाई, गुऱ्हाळात काहिलीतनं वाफ जाती आनि गूळ ऱ्हातोय, ते बी हेच न्हवं का?"

बाई क्षणभर थांबल्या. टाचणात गुऱ्हाळ नव्हते. "हो, बरोबर, बस," म्हणून त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. घंटेच्या आधी दोन मिनिटे पाठ संपला. महाविद्यालयातून आलेल्या पाठ निरीक्षकांनी वहीत फळालेखन चांगले, साधनांचा वापर योग्य, वेळेचे नियोजन उत्तम असे शेरे लिहिले. एकही शेरा खोटा नव्हता. पण वर्गशिक्षक गुरुजी बाईंना व्हरांड्यात म्हणाले ते वहीत कुठेच आले नाही. "पोरी, त्या पोरानं तुझा पाठ तुझ्या हातात आणून दिला हुता. घ्यायचास की!"

शिक्षक घडतो कसा, या प्रश्नाचा आढावा घ्यायला बसलो की मला हा व्हरांडा आठवतो. गेल्या पंधरा वर्षांत शिक्षक होण्याच्या वाटेवर आपण परीक्षांमागून परीक्षा उभ्या केल्या. त्यातल्या बऱ्याच गरजेच्याही होत्या. पण तरुण शिक्षकाला हाताशी धरून चूक दाखवणारा अनुभवी शिक्षक आणि त्यासाठी लागणारा वेळ या वाटेवर कमी कमी होत गेला. कोल्हापूरच्या मातीत शिक्षक घडवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांची शिकवण नेमकी याच्या उलटी होती.

आधी नेमणूक, मग ट्रेनिंग

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शाळांच्या शिक्षकांविषयी स्पष्ट मागण्या केल्या. शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, नांगर धरण्याची लाज वाटणारे नसावेत आणि त्यांना पोटापुरता बरा पगार असावा. ज्यांच्या मुलांना शिकवायचे त्यांचे जगणे शिक्षकाला ठाऊक हवे, हा त्यामागचा विचार. काहिलीतल्या वाफेचा प्रश्न ज्याला आपला वाटेल, असा शिक्षक फुल्यांना हवा होता.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. इमारत नसेल तिथे देवळात, चावडीत शाळा भरवली. त्याआधीच मुलींच्या शाळांची देखरेख त्यांनी रखमाबाई केळवकरांसारख्या कर्तबगार बाईंकडे सोपवली होती. शाळा एका हुकमाने निघते, पण तिथे उभा राहणारा मास्तर हुकमाने तयार होत नाही. त्यामुळे त्या काळात सगळीकडेच एक रीत रूढ झाली. सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल झालेला तरुण आधी मास्तर म्हणून लागायचा, चार-दोन वर्षे शिकवायचा आणि मग त्याला ट्रेनिंगला पाठवले जायचे. 'ट्रेंड मास्तर' हा शब्द गावोगाव रुळला तो यातून.

त्या रीतीत उणिवा पुष्कळ होत्या. अप्रशिक्षित मास्तरच्या हाताखाली मुलांच्या कितीतरी पिढ्या गेल्या. पण दोन गोष्टी तिच्यात होत्या ज्या आज नाहीत. ट्रेनिंगला येणाऱ्याच्या डोक्यात वर्गातले खरे प्रश्न असायचे. तो आपले अडलेले घेऊन यायचा. आणि ट्रेनिंगचा भार मुख्यतः सरकार किंवा लोकल बोर्ड उचलायचे. आज हा क्रम पूर्ण उलटला आहे. आधी शिका, मग परीक्षा द्या, मग थांबा, आणि जमले तर शिकवा. या सगळ्या काळाचा खर्च मुलाच्या किंवा मुलीच्या घरावर पडतो. क्रम बदलला ते योग्यच झाले, कारण अप्रशिक्षित माणसाच्या हाती वर्ग देणे बरोबर नव्हे. पण जोखीम कुणाच्या खांद्यावरून कुणाच्या खांद्यावर गेली, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही.

कुंभोज, सातारा, गारगोटी

हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. खेड्यांत शाळा पसरवायच्या तर खेड्यात राहणारा शिक्षक हवा, हे त्यांनी पक्के ओळखले होते. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. प्राथमिक शिक्षकाला खेड्यासाठीच तयार करायचे, हा हेतू त्याच्या नावातच होता.

त्याहून जवळचे उदाहरण भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीचे. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव घेऊन तिथे डॉ. व्ही. टी. पाटील आणि जे. पी. नाईक यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मौनी विद्यापीठ उभे केले. केंद्र सरकारच्या ग्रामीण उच्च शिक्षणाच्या योजनेत देशातल्या मोजक्या ठिकाणी रूरल इन्स्टिट्यूट निघाल्या. गारगोटी त्यांतली एक होती. तिथेच पुढे आचार्य जावडेकर शिक्षणशास्त्र महाविद्यालय नावारूपाला आले. बालवाडी, शाळा, शिक्षकांचे प्रशिक्षण, शेती आणि भोवतालची गावे या सगळ्यांचा एकमेकांशी राबता असावा, ही गारगोटीची कल्पना. तिथला छात्राध्यापक पाठ घ्यायला 'बाहेर' जात नव्हता, कारण शाळा त्याच्या अंगणातच होती.

हे जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ चा. पुढे देश जो दिवस शिक्षक दिन म्हणून पाळू लागला, त्याच तारखेचा. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. शिक्षक प्रशिक्षणाबद्दल या आयोगाने जे निदान केले, ते मला आजही सर्वांत अचूक वाटते. प्रशिक्षण संस्था तीन बाजूंनी तुटलेल्या आहेत, असे आयोगाने दाखवून दिले. त्या विद्यापीठातल्या विषयज्ञानापासून तुटल्या, शाळांच्या रोजच्या अडचणींपासून तुटल्या आणि एकमेकींपासूनही तुटल्या. हे निदान करणाऱ्यांपैकी एकाने गारगोटीत हे तुटलेपण मोडून पाहिले होते.

आजच्या वाटा

बारावी झालेल्या मुलीने आज गावात विचारले, "शिक्षिका व्हायचे तर काय करू?" तर तिला मिळणारे उत्तर असे असेल.

पहिली ते पाचवीसाठी दोन वर्षांचे डी.एल.एड. करायचे. जुन्या माणसांच्या तोंडी आजही ते डी.एड.च आहे. सहावीच्या पुढे शिकवायचे तर पदवी आणि त्यावर बी.एड. २०१५ पर्यंत बी.एड. एका वर्षाचे होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर ते दोन वर्षांचे झाले. त्याच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. कोल्हापुरात एसएमटीटी या नावाने ओळखले जाणारे महाराणी ताराबाईंच्या नावाचे शासकीय अध्यापक महाविद्यालय आहे, शिवाजी विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र अधिविभाग आहे, विद्यापीठाशी संलग्न अनेक खासगी महाविद्यालये आहेत, आणि नोकरीतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, आहे.

बी.एड. असले की खालच्या वर्गांनाही चालते, असा अनेकांचा समज होता. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पडदा टाकला. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता नाही, कारण सहा-सात वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवण्याचे कसब वेगळे आणि त्याचे प्रशिक्षणही वेगळे. माझ्या मते हा निकाल प्राथमिक शिक्षकाच्या कामाचा मान राखणारा आहे. लहान वर्ग म्हणजे सोपे काम, ही समजूत त्याने खोडून काढली.

पदविका किंवा पदवी हातात आली तरी मुलगी अजून पात्र ठरलेली नसते. शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, सक्तीची झाली. दीडशे गुण, दीडशे मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. पहिला पेपर पाचवीपर्यंतसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. महाराष्ट्राची पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. पूर्वी प्रमाणपत्र सात वर्षे चालायचे. २०२१ पासून ते आजीवन झाले.

त्यापुढे नोकरीसाठी आणखी एक परीक्षा: शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिला सगळे 'टेट' म्हणतात. दोन्ही नावे ऐकायला इतकी सारखी की घरच्यांचा गोंधळ उडतो. या चाचणीला दोनशे गुण आणि दोन तास. त्या गुणांवर 'पवित्र' पोर्टलवरून जिल्हा परिषद, महापालिका आणि खासगी अनुदानित शाळांतल्या जागा भरतात. निवड झाली की तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करायचे. २०२३ पर्यंत प्राथमिकला हे मानधन महिना ६,००० रुपये होते. त्या वर्षी ते १६,००० झाले. माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. तीन वर्षे पार पडली की शिक्षक नियमित होतो.

दुकाने आणि टाळे

या परीक्षा का आल्या, हे विसरून त्यांना दोष देणे बरे नव्हे. नव्वदच्या दशकात डी.एड. झाले की नोकरी पक्की असे मानले जायचे. बोर्डात चांगले गुण मिळवलेली खेड्यातली हुशार मुले-मुली इंजिनिअरिंगऐवजी डी.एड.ला जात. भुदरगड, कागल, राधानगरीकडचे तालुके शिष्यवृत्ती परीक्षेत पुढे राहिले, त्यात त्या पिढीच्या शिक्षकांचा वाटा मोठा आहे. मागणी पाहून २००५ नंतर राज्यात खासगी अध्यापक विद्यालयांचे पीक आले. त्यांची संख्या हजाराच्या वर गेली. राज्य सरकार नको म्हणत असताना मान्यता दिल्या गेल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि महाराष्ट्रातल्या या डी.एड. महाविद्यालयांच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ च्या अहवालात आयोगाने देशभरातल्या शिक्षक प्रशिक्षणाच्या घसरलेल्या दर्जावर बोट ठेवले. दोन वर्षांचे बी.एड. हे त्या अहवालाचेच फळ.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने दार लागले. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि हजेरीपटावरची खोटी मुले उघड झाली. पट घटला, शिक्षक अतिरिक्त ठरले आणि मे २०१२ पासून शिक्षक भरतीवर बंदी आली. पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी थेट २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. २०१३ मध्ये तेविसाव्या वर्षी बी.एड. झालेली मुलगी पहिल्या चाचणीला सत्तावीस वर्षांची होती आणि ती हुकली तर दुसरीला तेहेतीस. २०२३ च्या चाचणीला दोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. त्यानंतर २१ हजारांच्या वर जागांच्या जाहिराती आल्या. मधल्या वर्षांत कुणी खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवले, कुणी शिकवणी वर्ग काढले, कुणी घरची शेती पाहिली. वर्गात घोटवलेले कसब वर्गाबाहेर राहून गंजते, हे या उमेदवारांइतके कुणालाच ठाऊक नाही.

नोकरीच्या दाराशी एवढी गर्दी लोटली की तिथे दलालही येतात. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन निकाल फिरवल्याचे २०२१ मध्ये उघड झाले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. प्रामाणिकपणे अभ्यास करून दोन-चार गुणांनी राहिलेल्यांच्या मनाला जी जखम झाली, ती कुठल्या आकड्यात सापडत नाही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मोठा निकाल दिला, आणि तोही महाराष्ट्रातल्या प्रकरणावर. पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांना नोकरीसाठी सूट, पण पदोन्नती हवी तर परीक्षा. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेले गुरुजी आज बालमानसशास्त्राची पुस्तके काढून बसले आहेत. अभ्यासाने कुणाचे नुकसान होत नाही. पण व्हरांड्यात त्या मुलीला दोन वाक्यांत पाठाचा गाभा सांगणाऱ्या गुरुजींचे ते ज्ञान कुठली बहुपर्यायी प्रश्नपत्रिका मोजणार?

वीस आठवडे

बालविकास, अध्यापनशास्त्र, भाषा, गणित हे शिक्षकाला आले पाहिजे, आणि टीईटी ते तपासते. निकाल बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांत लागतो, त्यावरून पाया किती कच्चा आहे तेही दिसते. पण परीक्षा फक्त निवडते. शिक्षक घडवण्याचे काम परीक्षेच्या आधी, आंतरवासितेत होते.

नियमाने बी.एड.च्या दोन वर्षांत शाळेतले वीस आठवडे आहेत: पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. आधी महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापन होते. सज्जता प्रवर्तन, प्रश्न विचारणे, फळालेखन, चेतक बदल अशी एकेक कौशल्ये सुटी करून पाच-सात मिनिटांच्या पाठात घोटवायची, आपल्याच सोबत्यांना विद्यार्थी समजून. मग ती कौशल्ये एकत्र आणणारे सेतुपाठ आणि त्यानंतर शाळेतले सराव पाठ. ही रचना चांगली आहे. पेटीवर आधी पलटे येतात, मग राग येतो.

अडते ते पुढे. अनेक ठिकाणी आंतरवासिता म्हणजे पाठांचा आकडा पूर्ण करणे आणि फायली सजवणे एवढेच उरते. शाळेला छात्राध्यापक म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या वर्गावर बसवायला मिळालेला माणूस वाटतो. वर्गशिक्षकाला मार्गदर्शक म्हणतात, पण त्यासाठी त्याचा एक तासही मोकळा होत नाही. ना मानधन, ना प्रशिक्षण, ना सेवापुस्तकात नोंद. प्राध्यापकाला चार शाळांत विखुरलेले विद्यार्थी सांभाळायचे असतात. तो एका पाठाला येतो, शेरे लिहितो आणि पुढच्या शाळेची एसटी पकडतो. कुणा एकाचा हा दोष नाही. पाठानंतरच्या बोलण्यासाठी व्यवस्थेने वेळच ठेवलेला नाही.

आपल्याकडे गुळव्या कसा तयार होतो ते पाहावे. तो काहिलीशेजारी वर्षानुवर्षे उभा राहतो. मळी कधी काढायची, बुडबुडा कसा झाला की पाक आला, काहील उतरवायची ती नेमकी कोणत्या क्षणी, हे जुन्या गुळव्याच्या नजरेच्या धाकात शिकतो. एक क्षण चुकला तर अख्खी काहील वाया जाते, म्हणून कुणी नवख्याला एकटे सोडत नाही. वर्गात चाळीस मुले असतात. तिथे आपण नवख्याला एकटे सोडतो.

जगात जिथे शिक्षक चांगले घडतात, तिथे हाच धागा दिसतो. फिनलंडमध्ये वर्गशिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते, आणि विद्यापीठांना जोडलेल्या सराव शाळांतले शिक्षक नवख्यांना घडवणे हे आपल्या कामाचाच भाग मानतात. सिंगापूरमध्ये निवड आधी होते आणि प्रशिक्षणाच्या काळातच पगार सुरू होतो. आपल्या जुन्या 'ट्रेंड मास्तर' पद्धतीतला चांगला अंश तिथे नव्या रूपात जपलेला आहे.

चार वर्षांची पदवी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी असावी असे ठरले. बारावीनंतर विषय आणि शिक्षणशास्त्र दोन्ही बरोबरीने शिकायचे. पदवी आणि बी.एड.ला मिळून पाच वर्षे लागतात, इथे एक वाचते. २०२३-२४ पासून निवडक संस्थांत हा अभ्यासक्रम सुरू झाला. कल्पना नवी नाही. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूरच्या प्रादेशिक महाविद्यालयांत साठच्या दशकापासून चार वर्षांचा अभ्यासक्रम चालत आला आहे, तर दिल्ली विद्यापीठाने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी बी.एल.एड. सुरू केले.

या पदवीने कोठारी आयोगाने सांगितलेले पहिले तुटलेपण भरून निघेल, कारण विषय आणि अध्यापन एका छपराखाली येतील. दुसरे तुटलेपण मात्र पदवीचे नाव बदलून जाणार नाही. चार वर्षांतला भरीव काळ एकाच शाळेत, एकाच मार्गदर्शक शिक्षकाच्या सोबतीने गेला, तरच त्या मुली-मुलांना शाळा आपली वाटेल.

त्यासाठी कोल्हापूरला फार दूर पाहायला नको. जिल्ह्यात बारा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात उत्तम शिकवणारे, गावाने डोक्यावर घेतलेले गुरुजी आणि बाई आहेत. त्यांची नावे केंद्रप्रमुखांना तोंडपाठ असतात. अशा शाळा सराव शाळा म्हणून निवडाव्यात. मार्गदर्शक शिक्षकाला आठवड्यातले काही तास मोकळे द्यावेत, त्या कामाची सेवापुस्तकात नोंद व्हावी, डाएटने त्यांना त्यासाठी तयार करावे. अध्यापक महाविद्यालयांनी पाठांचा आकडा कमी करून प्रत्येक पाठानंतरचे बोलणे वाढवावे. आणि अभियोग्यता चाचणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी, म्हणजे शिकून बाहेर पडलेल्या मुलीची वर्षे वाट पाहण्यात जाणार नाहीत. यातल्या कुठल्याच गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

त्या बाष्पीभवनाच्या पाठाचे पुढे काय झाले ते सांगतो. सोळा आठवडे सुरू होते, म्हणून ती मुलगी दुसऱ्या दिवशीही त्याच शाळेत होती. गुरुजींनी आपला एक तास तिला दिला. तिने मिठागराचा तक्ता गुंडाळून ठेवला आणि फळ्यावर काहील काढली. त्याच पोराला उभे करून विचारले, "चुलवाणाचा जाळ बंद केला तर वाफ जायची थांबते का?" वर्गात एकच गलका झाला. कुणी म्हणे थांबते, कुणी म्हणे वाळत घातलेल्या धुण्याखाली कुठे जाळ असतो? उकळणे वेगळे आणि बाष्पीभवन वेगळे, हे मुलांनी स्वतः शोधून काढले. घंटा झाली तरी कुणी उठेना. गुरुजी मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

तो पाठ आकड्यात धरला गेला नाही, कारण त्याचे टाचण आधी मंजूर झालेले नव्हते.